अंकओळख (भाग 9) : एकोणीस एकांची मूळ संख्या

आज एकच संख्या घेऊ : 1111111111111111111. एकोणीस वेळा 1, आणि ती मूळ संख्या आहे.

एकांच्या संख्या म्हटलं की आठवतात देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर. 111 चा वर्ग 12321, नऊ एकांचा वर्ग 12345678987654321. अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ नाव दिलं. डेम्लो म्हणजे आताची डोंबिवली. तिथल्या स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली होती. कोणत्याही विद्यापीठातलं पद नसताना त्यांनी आयुष्यभर हे काम केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता मुद्द्याकडे वळू. एकांची संख्या मूळ असायची तर त्यातले एक किती, तो आकडाही मूळच हवा. सहा एक घेतले तर 111111 = 111 × 1001, लगेच फुटते. पण एवढ्यानं भागत नाही. 3 मूळ आहे, तरी 111 = 3 × 37. 5 मूळ आहे, तरी 11111 = 41 × 271. सात, अकरा, तेरा, सतरा एकांच्या संख्याही अशाच फुटतात. एकोणीसची फुटत नाही!

हे तपासायचं कसं? तिच्या वर्गमुळापर्यंतचे, म्हणजे 105 कोटींच्या थोडं पुढपर्यंतचे, अवयव शोधावे लागतील. इथे एक सुंदर गुणधर्म मदतीला येतो. 1 ला 41 ने भागा : 0.0243902439… पाच अंकांचा गट पुन्हा पुन्हा येतो. मूळ संख्येने भागताना अशा गटाची लांबी त्या संख्येपेक्षा एकने लहान आकड्याला निःशेष भागते. इथे 5 ने 40 ला भाग जातो. 41 हा पाच एकांचा अवयव, म्हणून गट पाच अंकांचा. तसा एकोणीस एकांचा मूळ अवयव असलाच, तर त्याचा गट एकोणीस अंकांचा असेल, म्हणून त्या अवयवातून 1 वजा केल्यावर 19 ने भाग जायला हवा. शिवाय तो विषम, म्हणजे 38 ने. पहिला उमेदवार 191, मग 229, 419… तपासायच्या संख्या 105 कोटींवरून पावणेतीन कोटींच्या आसपास येतात. त्यातला एकही लागू पडत नाही. संगणक नसताना, पहिल्या महायुद्धाच्या काळात, ऑस्कर हॉपे यांनी ही संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं.

याच्या पुढे 23, 317 आणि 1031 एकांच्या संख्या मूळ निघाल्या. 1031 ची सिद्धता 1986 मध्ये छापून आली. त्याच वर्षी कापरेकर गेले. 49081 एकांची सिद्धता 2022 ची. अशा मूळ संख्या अनंत आहेत का, हे अजून कुणीही सिद्ध करू शकलेलं नाही.

शाळकरी मुलांनी या आठवड्यात सात एक घ्यावेत. उमेदवार म्हणजे 14 च्या पटीत 1 मिळवून येणाऱ्या मूळ संख्या : 29, 43, 71, 113… कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून भागाकार करा, आठव्या उमेदवाराला भाग जाईल.