आठ डावांवरून स्मृतीला सोडायचं का? छोट्या नमुन्यावरून मोठा निर्णय घेताना

मागे सांगलीतल्या एका कॉलेजात पेट-नेटची तयारी करणाऱ्या मुलांशी बोलायला गेले होते. विषय होता नमुना आणि निष्कर्ष. स्लाइड्स सुरू व्हायच्या आधी मी एक प्रश्न विचारला. समजा, तुम्ही एका क्रिकेट संघाचे मालक आहात. सगळ्यात महागडी खेळाडू विकत घेतलीत, तिलाच कर्णधार केलंत. पहिल्या हंगामात संघ पहिले पाचही सामने हरला आणि तिची सरासरी १९ सुद्धा झाली नाही. पुढच्या वर्षी तिला ठेवाल की सोडाल?

"सोडू!" अर्ध्याहून जास्त हात वर आले. मग मी नाव सांगितलं: स्मृती मानधना. माधवनगरची, म्हणजे त्यांच्या अगदी शेजारची. सगळे हात खाली!

गंमत बघा, आकडे तेच होते. फक्त नाव कळलं आणि मत बदललं. आधीचं मत फक्त आकड्यांवर होतं, नंतरचं फक्त नावावर. संशोधनात ही दोन्ही टोकं महागात पडतात. मला पडली आहेत, ते पुढे सांगते. आधी स्मृतीचा हिशोब नीट मांडू.

काय घडलं होतं?

महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव १३ फेब्रुवारी २०२३ ला मुंबईत झाला. प्रत्येक संघाकडे १२ कोटींची पर्स होती. त्यातले ३.४० कोटी, म्हणजे जवळजवळ २८ टक्के, रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूने एकट्या स्मृतीवर लावले. त्या लिलावातली ती सर्वात मोठी बोली होती.

हंगामातले तिचे आठ डाव असे: ३५, २३, १८, ४, ८, ०, ३७, २४. एकूण १४९ धावा, आठही वेळा बाद, सरासरी १८.६. एकही अर्धशतक नाही. संघ आठपैकी दोन सामने जिंकला आणि पाच संघांत चौथा आला.

हे वाचून "पैसे वाया गेले" असं वाटणं साहजिक आहे. पण निर्णय घ्यायच्या आधी चार प्रश्न विचारायचे असतात. हेच चार प्रश्न तुम्हाला तुमच्या प्रयोगातही विचारावे लागणार आहेत.

पहिला प्रश्न: आठ आकडे किती बोलतात?

वही-पेन घ्या, खरंच करून बघा. या आठ धावसंख्यांचं प्रमाण विचलन येतं सुमारे १३.८. त्याला आठच्या वर्गमुळाने, म्हणजे २.८३ ने भागलं की सरासरीची प्रमाण त्रुटी मिळते, सुमारे ४.९. नमुना लहान आहे म्हणून टी-तक्त्यात ७ स्वातंत्र्य कोटींसमोरचा आकडा घ्यायचा, तो २.३६. गुणाकार केला की ११.५.

म्हणजे ९५ टक्के विश्वासाचा पट्टा १८.६ च्या दोन्ही बाजूंना ११.५, साधारण ७ ते ३० इतका रुंद. (धावांचं वितरण सममित नसतं, त्यामुळे हा पट्टा ढोबळच समजा.) ७ सरासरीची फलंदाज संघातही बसणार नाही. ३० सरासरीची सलामीवीर टी-ट्वेंटीत कुठल्याही संघाला हवी असते. आठ डाव आपल्याला या दोघींतला फरकसुद्धा सांगू शकत नाहीयेत!

दुसरा प्रश्न: आधी काय माहीत होतं?

लीग सुरू व्हायच्या आधी स्मृती जवळजवळ दहा वर्षं भारताकडून टी-ट्वेंटी खेळत होती. शंभराहून जास्त सामने, सुमारे २,८०० धावा, सुमारे १०० वेळा बाद. सरासरी २८ च्या आसपास.

आता त्यात लीगचे आठ डाव मिसळा. २,८०० अधिक १४९ म्हणजे २,९४९ धावा, १०८ वेळा बाद. सरासरी २७.३. आठ वाईट डावांनी आपला अंदाज पाऊणएक धावेने खाली आला. बस, इतकंच.

यावर आक्षेप घेता येतो आणि घ्यायलाच हवा. आंतरराष्ट्रीय सामने आणि लीग सारखे नाहीत. कर्णधारपदाचं ओझं वेगळं असतं. बरोबर आहे, म्हणून लीगच्या डावांना थोडं जास्त वजन द्या. एका डावाला तीन डावांचं वजन दिलंत तरी सरासरी २६ च्या आसपासच राहते. आधीची माहिती शून्य धरून फक्त ताजे आकडे बघणं म्हणजे १०० वाचनं फेकून देऊन शेवटच्या ८ वर प्रबंध लिहिणं.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. "हिला सोडायचं का?" हा प्रश्न आपण वाईट हंगामानंतरच विचारतो. टोकाच्या वाईट कामगिरीनंतरची कामगिरी बहुतेक वेळा आपोआप सरासरीकडे सरकते. २०२४ मध्ये स्मृतीने १० सामन्यांत ३०० धावा केल्या, सरासरी ३०. पण "बघा, किती सुधारली!" असं म्हणायची घाई करू नका. आठ डावांवरून ती बिघडली असं म्हणता येत नव्हतं, तर दहा डावांवरून सुधारली असंही म्हणता येत नाही. नियम दोन्हीकडे सारखाच लावायचा.

तिसरा प्रश्न: दोष नक्की कुठे होता?

२०२३ चे पहिले तीन-चार पराभव काढून बघा. पहिल्या सामन्यात दिल्लीने बंगळुरूविरुद्ध २ बाद २२३ केल्या. गुजरातने ७ बाद २०१ केल्या, बंगळुरूने पाठलागात १९० पर्यंत मजल मारली आणि ११ धावांनी हरले. उत्तर प्रदेशने १३९ चं लक्ष्य १३ षटकांत एकही गडी न गमावता गाठलं.

दिसतंय ना? कर्णधाराच्या धावा कमी झाल्या हे खरं, पण त्याच वेळी गोलंदाजीला गळती लागली होती. दोन कारणं एकाच हंगामात शेजारीशेजारी होती आणि लोकांचं लक्ष महागड्या नावावर गेलं. प्रयोगातही हेच होतं. ज्या घटकावर जास्त पैसे किंवा जास्त आशा लावलेली असते, अपयशाचं खापर आधी त्याच्यावर फुटतं.

बंगळुरूने स्मृतीला ठेवलं. डिसेंबर २०२३ च्या छोट्या लिलावात त्यांनी गोलंदाजी भरून काढली. त्यातली ऑस्ट्रेलियाची डावखुरी फिरकीपटू सोफी मोलिन्यू ३० लाखांना आली. १७ मार्च २०२४ च्या अंतिम सामन्यात दिल्ली बिनबाद ६४ वर होती. मोलिन्यूने एका षटकात तीन बळी घेतले. श्रेयांका पाटीलने १२ धावांत ४ बळी घेतले. दिल्ली ११३ वर सर्वबाद, बंगळुरू ८ गडी राखून विजेती. दुरुस्ती ३.४० कोटींच्या जागी करायची नव्हती, ३० लाखांच्या जागी करायची होती.

चौथा प्रश्न: तिच्या जागी कोण?

"ती वाईट खेळली" हे अर्धंच वाक्य आहे. "कुणापेक्षा?" हे विचारलं की ते पूर्ण होतं. खेळाडू सोडली की ३.४० कोटी मोकळे होतात, हे ठीक. पण बाजारात काय आहे? डिसेंबर २०२३ च्या त्या लिलावात सर्वात मोठी बोली होती २ कोटींची, अॅनाबेल सदरलँड आणि काशवी गौतम या दोघींवर. पैसे होते म्हणून स्मृतीच्या तोडीची भारतीय सलामीवीर मिळाली असती, असं नाही. तुलना नेहमी हाताशी असलेल्या पर्यायाशी करायची, मनातल्या आदर्शाशी नाही.

मग सोडायचंच नाही का?

तसं अजिबात नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे चाल ठरवणारा आणि चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू. पेटन मॅनिंग हा इंडियानापोलिस कोल्ट्सचा असाच आधारस्तंभ. मानेच्या शस्त्रक्रियांमुळे तो २०११ चा पूर्ण हंगाम बाहेर होता. मार्च २०१२ मध्ये संघाने त्याला सोडलं. तेव्हा तो ३६ वर्षांचा होत होता आणि नवोदितांच्या निवडीत पहिली पसंती याच संघाकडे होती. पुढे मॅनिंगने डेन्व्हरला २०१५ च्या हंगामाचं विजेतेपद मिळवून दिलं, त्यामुळे निकाल बघून कोल्ट्सना हसणं सोपं आहे. पण निर्णय घेताना त्यांच्याकडे चार-आठ वाईट सामन्यांपेक्षा जास्त काही होतं. वय, दुखापत आणि समोर उभा असलेला तरुण पर्याय. म्हणजे आकडे हलले एवढंच नव्हतं, आकड्यांमागची यंत्रणाच बदलली असण्याची शक्यता होती. असं असेल तर सोडण्याचा विचार जरूर करा.

सोडायची आणखी एक शहाणी पद्धत आहे. नोव्हेंबर २०२५ च्या मोठ्या लिलावाआधी संघांना जास्तीत जास्त पाच खेळाडू ठेवता येत होते. मधल्या २०२५ च्या हंगामात बंगळुरू सलग पाच सामने हरून पुन्हा चौथं आलं होतं, तरी त्यांनी स्मृतीला ३.५० कोटींना राखलं. उत्तर प्रदेशने मात्र दीप्ती शर्मालाही सोडलं. लिलावात दिल्लीची बोली ३.२० कोटींवर गेली तेव्हा त्यांनी राइट टू मॅच वापरून, म्हणजे तेवढीच किंमत देऊन, तिला परत घेतलं. पहिल्या राखीव खेळाडूचा ठरलेला दर ३.५० कोटी होता, म्हणजे ३० लाख वाचले. बोली आणखी चढली असती तर उलटंही झालं असतं. पण मुद्दा असा की त्यांनी सोडताना परतीची वाट उघडी ठेवली होती.

माझी चूक

आता कबुली देते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी स्प्रे पायरोलिसिसने झिंक ऑक्साइडचे पातळ थर करून वायू-संवेदक बनवत होते. मे महिन्यापर्यंत प्रतिसाद चांगला होता. जुलैत सहा नमुने लागोपाठ फसले. सहा! मी ठरवून टाकलं की पद्धतच कुचकामी आहे. सेटअप सोडला, नोझल दुसऱ्या गटाला देऊन टाकलं, फसलेले नमुने कचऱ्यात. नवी पद्धत बसवण्यात सात महिने गेले.

फेब्रुवारीत कपाट आवरताना मे महिन्यातला एक जुना नमुना सापडला. सहज मोजला, तर प्रतिसाद अगदी पूर्वीसारखा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. साताऱ्याचा जुलै! बाहेर आठवडाभर झड, लॅबमधल्या भिंतींना ओल. हवेतली वाफ ऑक्साइडच्या पृष्ठभागावर बसते आणि वायूसाठीच्या जागा अडवते, हे मी स्वतः सेमिनारमध्ये शिकवलं होतं. पण त्या सहा मोजमापांच्या नोंदीत आर्द्रतेचा रकानाच नव्हता. आता नमुनेही नव्हते, त्यामुळे दोष खरंच आर्द्रतेचा होता का, हे मला कधीच सिद्ध करता येणार नाही.

सात महिने गेले याचं वाईट वाटतं. पण परत तपासायची वाटच मी बंद केली होती, याचं जास्त वाटतं. माझ्याकडे राइट टू मॅच नव्हता.

म्हणून पद्धत, विषय किंवा उपकरण बदलावंसं वाटेल त्या दिवशी एका कागदावर चार उत्तरं लिहा. वाचनं किती आहेत आणि पट्टा किती रुंद आहे? आधीची माहिती काय सांगते? त्याच काळात दुसरं काय बदललं होतं? बदली म्हणून हातात नक्की काय आहे? उत्तरं लिहूनही सोडावंसं वाटलं तर खुशाल सोडा. फक्त नमुन्यांवर तारीख घालून डबी कपाटात ठेवा, आणि वहीत आर्द्रतेचा रकाना आजच आखून घ्या.