निळ्या रंगातली वीज

'कोऑर्डिनेशन पॉलिमर' म्हटलं की बादल्या-पिशव्यांचं प्लॅस्टिक आठवतं. इथे मात्र कार्बनच्या साखळ्या नसतात. धातूचे आयन आणि त्यांना जोडणारे गट आलटूनपालटून येतात आणि त्यांची जाळी तयार होते. धातूने इलेक्ट्रॉन घेतला-दिला तरी जाळी शाबूत राहत असेल, तर तिच्यात वीज साठवता येते.

हे नवं नॅनो प्रकरण असावं, असंही अनेकांना वाटतं. पण यातला सर्वांत नावाजलेला पदार्थ, प्रशियन ब्लू, १७०६च्या सुमारास बर्लिनमध्ये एका रंगवाल्याच्या हाती चुकून लागला. बारावीच्या प्रयोगशाळेत सेंद्रिय पदार्थातला नायट्रोजन ओळखताना परीक्षानळीत उमटतो, तोच हा निळा. तेव्हा त्यात बॅटरी दडली आहे, हे कुणी सांगत नाही!

त्याच्या जाळीत लोखंडाला लोखंडाशी जोडणारा दुवा सायनाइडचा आहे. म्हणजे विषच की, असं वाटणं साहजिक. परंतु इथे सायनाइड लोखंडाला इतकं घट्ट धरून असतं की शरीरात गेलेलं किरणोत्सारी सीझियम बाहेर काढायला डॉक्टर हाच पदार्थ तोंडावाटे देतात. ब्राझीलमधल्या गोयानिया इथे १९८७ साली अशा सीझियमचा अपघात झाला, तेव्हा तो असाच दिला गेला. तीव्र आम्लात किंवा फार तापवल्यावर मात्र त्यातून विषारी वायू सुटू शकतो. म्हणून तो निर्धोक आहे, असं सरसकट म्हणणंही चूकच.

बॅटरीबद्दलच्या अपेक्षा तर फारच फुगलेल्या. या जाळीतल्या पोकळ्या ऐसपैस असतात, त्यामुळे लिथियमपेक्षा मोठे सोडियम आणि पोटॅशियमचे आयन सहज ये-जा करतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०११मध्ये तांब्याचा समावेश असलेला असाच एक पदार्थ पोटॅशियम वापरून तपासला. ४०,००० वेळा चार्ज-डिस्चार्ज करूनही त्याची ८३ टक्के क्षमता टिकली. मग लिथियमची सुट्टी? नाही. पोकळ्या मोठ्या म्हणून पदार्थ हलका, आणि हलका म्हणून तेवढ्याच जागेत वीज कमी मावते. शिवाय पोकळ्यांत पाणी शिरून बसतं, ते काढणं जिकिरीचं. मोबाइलपेक्षा वीजकेंद्राशेजारच्या साठवणुकीला हा पदार्थ शोभतो, असं माझं मत. तिथे जागेची टंचाई नसते, टिकाऊपणा हवा असतो.

बॅटरीखेरीज प्रशियन ब्लू साखर मोजणाऱ्या सेन्सरमध्येही वापरतात. तिथे तो थेट साखर ओळखतो, हाही एक समज. साखरेशी अभिक्रिया करतं ते एन्झाइम. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं आणि प्रशियन ब्लू ते टिपतो, शून्याजवळच्या व्होल्टेजला. प्लॅटिनमला बरंच जास्त व्होल्टेज लागतं. तेवढ्या व्होल्टेजला क जीवनसत्त्व आणि पॅरासिटामॉलही लुडबुड करतात व आकडा चुकतो. अडचण अशी, की पेरॉक्साइड टिपताना अल्कली तयार होते आणि तीच या निळ्या थराला झिजवते. ती झीज टाळायला त्यावर त्याच्याच कुळातल्या निकेलयुक्त भावंडाचा पातळ थर चढवतात.