मैदानाबाहेरची माणसं (७) : चुकांचा जमाखर्च

मागच्या आठवड्यात आपण अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे लंबगोल चेंडूच्या आणि हेल्मेट घालून खेळायच्या एनएफएलच्या, प्रशिक्षकाचं काम पाहिलं. प्रशिक्षक हाताशी असलेल्या खेळाडूंकडून सामना जिंकून घेतो. ते खेळाडू त्याच्या हाताशी आणून देणारा माणूस म्हणजे जनरल मॅनेजर. लीगमध्ये संघ ३२, त्यामुळे अशा खुर्च्याही ३२च. त्यातली एखादी मालकानेच अडवलेली असते. डॅलस काउबॉइजचे जेरी जोन्स १९८९पासून तिथे स्वतःच बसले आहेत. काम ५३ खेळाडूंचा ताफा उभा करण्याचं. त्यांच्या एकूण पगारावर मर्यादा असते. १९९४मध्ये ती आली तेव्हा ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२४मध्ये २५ कोटी ५४ लाख झाली. आयपीएलमुळे पैशाच्या मर्यादेची कल्पना आपल्याला आहे, पण इथे महाविद्यालयातून येणाऱ्या नव्या खेळाडूंचा लिलाव होत नाही. दर एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये संघ पाळीपाळीने एकेक नाव उचलतात आणि तळाच्या संघाची पाळी आधी येते. पैसे ओतून हवा तो खेळाडू मिळत नाही, म्हणून सगळी भिस्त माणसाची पारख करण्यावर. ही पारख उपजत असते असं सर्रास मानलं जातं. मला ते पटत नाही. या पदाकडे नेणारी लांबलचक उमेदवारी माणसाची नजर जितकी तयार करते, त्याहून अधिक ती त्याला स्वतःच्या नजरेवर अंधविश्वास न ठेवायला शिकवते, आणि पुढे उपयोगी पडतं ते हेच.

ऑझी न्यूसम यांचं उदाहरण घेऊ. १९७८ ते १९९० ते क्लीव्हलँड ब्राउन्सकडून खेळले, ६६२ झेल घेतले आणि निवृत्तीनंतर त्याच संघात स्काउट झाले. नावाजलेल्या खेळाडूने स्काउट होणं म्हणजे पुन्हा पहिल्या यत्तेत बसणं. ऑगस्टपासून हिवाळ्यापर्यंत एका कॉलेजगावातून दुसऱ्या गावात जायचं, सराव पाहायचा, तासन् तास फिल्म पाहायची, जुन्या दुखापती विचारायच्या आणि रात्री अहवाल लिहायचा. त्या अहवालावर स्काउटचं नाव असतं आणि तो जपून ठेवला जातो. तीन-चार वर्षांनी ते पोर काय निघालं ते सगळ्यांना दिसतं, आणि स्काउटने काय लिहिलं होतं तेही. चुकांचा इतका चोख जमाखर्च फार थोड्या धंद्यांत ठेवला जातो.

१९९६मध्ये संघ बाल्टिमोरला हलला, त्याचं नाव रेव्हन्स झालं आणि पहिल्या ड्राफ्टची सूत्रं न्यूसम यांच्याकडे आली. चौथी पाळी त्यांची होती. संघाला चेंडू घेऊन धावणारा गडी हवा होता, मालक आर्ट मॉडेल यांचा कल लॉरेन्स फिलिप्सकडे होता. स्काउटांनी महिनोन् महिने खपून केलेल्या यादीत मात्र जोनाथन ऑग्डेनचं नाव वर होतं, आणि त्याच्या जागेवर संघाकडे आधीच चांगला खेळाडू होता. न्यूसम यांनी यादी मानली. फिलिप्सला सेंट लुइसने उचललं आणि दुसऱ्याच हंगामात काढून टाकलं. ऑग्डेन हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि त्याच दिवशी २६व्या पाळीला घेतलेला रे लुइसही. या गोष्टीत न्यूसम यांच्या दिव्यदृष्टीचं कौतुक होतं. मला त्यांचा संयम मोठा वाटतो. शांत डोक्याने केलेलं काम त्यांनी ऐनवेळच्या गरजेपुढे आणि मालकाच्या हौसेपुढे मोडू दिलं नाही.

यावर कोणी म्हणेल, हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे. आक्षेप वजनदार आहे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी ड्राफ्टची वर्षानुवर्षांची आकडेवारी तपासली. एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडल्या गेलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा थोडीशीच जास्त, असं त्यांना आढळलं. पण ज्याला हे अनुभवाने कळलंय तो एका नाण्यावर सारं लावत नाही, तो जास्त नाणी गोळा करतो. करार संपलेले खेळाडू गमावणाऱ्या संघांना लीग भरपाई म्हणून जादा पाळ्या देते, आणि अशा पाळ्या मिळवण्यात रेव्हन्स वर्षानुवर्षं आघाडीवर राहिले. २०१८चा ड्राफ्ट न्यूसम यांचा शेवटचा. त्या रात्री २५व्या पाळीला त्यांनी हेडन हर्स्टला घेतलं, म्हणजे लमार जॅक्सनला त्यांनीही एकदा सोडलंच. मग फिलाडेल्फियाशी सौदा करून ३२वी पाळी मिळवली आणि जॅक्सनला आणलं. पुढच्याच वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

दुसरा आक्षेप असा, की स्काउट न होताही लोक इथवर पोचतात. सौद्यात पलीकडे बसलेले फिलाडेल्फियाचे हाउवी रोझमन कायद्याचे पदवीधर. मात्र २००० साली ते त्या संघात इंटर्न म्हणून शिरले आणि जनरल मॅनेजर झाले २०१०मध्ये. २०१५मध्ये खेळाडू निवडण्याचे अधिकार त्यांच्याकडून काढून घेतले गेले, वर्षभराने परत मिळाले, आणि फेब्रुवारी २०१८मध्ये संघाने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. वाट वेगळी, उमेदवारी तितकीच लांब. टीव्हीच्या खुर्चीतून थेट आलेल्यांत मॅट मिलेन यांनी उभ्या केलेल्या डेट्रॉइटने २००८च्या हंगामात सोळापैकी सोळा सामने गमावले. सॅन फ्रान्सिस्कोचे जॉन लिंच तसेच आले आणि यशस्वी झाले. लिंच यांचं उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातं, हे मान्य. त्यांच्या शेजारी मुरलेले स्काउट होते एवढंच त्यावर सांगता येईल.

तिसरा आक्षेप, ही उमेदवारी सगळ्यांना सारखी खुली नाही हा, मला सगळ्यात जास्त टोचतो. न्यूसम यांचे वारसदार एरिक डिकोस्टा १९९६मध्ये अगदी तळाच्या जागी लागले आणि जनरल मॅनेजर झाले २०१९मध्ये. त्या संघात अशा नवशिक्यांना ‘ट्वेंटी-ट्वेंटी क्लब’ म्हणत: वय विशीतलं, पगार वर्षाला २० हजार डॉलर. एवढ्यावर वर्षं काढणं ज्याच्या घरचं बरं आहे त्यालाच सोपं. शिवाय बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय असलेल्या या लीगमध्ये जनरल मॅनेजर हे पद पहिल्यांदा कृष्णवर्णीय माणसाला मिळालं २००२मध्ये, न्यूसम यांनाच, आणि तेही त्यांच्या संघाने सुपर बोल जिंकल्यानंतर. या पदासाठी अल्पसंख्याक उमेदवारांच्या मुलाखती घेणं लीगने २००९मध्ये सक्तीचं केलं. २०२०पासून, ज्या संघात घडलेला असा माणूस दुसरीकडे जनरल मॅनेजर किंवा मुख्य प्रशिक्षक होतो, त्या संघाला जादा पाळ्या मिळतात. हे नियम जिन्याच्या वरच्या टोकाशी काम करतात. उमेदवारी लांब असावी, या मतावर मी ठाम आहे. पण ती उपाशीपोटी असावी याला काहीच कारण नाही. पंचवीस कोटींहून अधिक डॉलर खेळाडूंवर खर्चणाऱ्या संघाला पहिल्या पायरीवरच्या मुलामुलींना पोटापुरता पगार देणं सहज परवडतं.