आकड्याच्या मुळापर्यंत

पक्ष्यांच्या आतड्यातील काटेरी डोक्याच्या कृमींच्या जाती ठरवण्याचा इतिहास सांगायचा तर पहिली सव्वाशे वर्षे झपाट्याने ओलांडलेली बरी. गोएझेने 1782मध्ये बदकातला आणि गाणाऱ्या पक्ष्यांतला असे कृमी वर्णिले, पुढे रुडोल्फीने गटाला नाव दिले. तरी जवळपास सगळ्या जाती दीर्घकाळ ‘एकिनोऱ्हिंकस’ या एकाच प्रजातीत कोंबल्या जात होत्या. ल्यूहेने 1911मध्ये ती गर्दी फोडली. पॉलिमॉर्फस, सेंट्रोऱ्हिंकस, ॲऱ्हिथ्मोऱ्हिंकस ही आजची नावे तेव्हापासून पक्की झाली. मग इलिनॉयचे व्हॅन क्लीव्ह, जर्मनीचे मायर, मॉस्कोचे पेट्रोचेंको आणि जपानचे यामागुती यांनी बांधलेले मोठे ग्रंथ आले. संदर्भ म्हणून ते हवेतच. वाचनसुखाची अपेक्षा मात्र त्यांच्याकडून ठेवू नये.

मला ज्या भागाबद्दल मनापासून बोलायचे आहे तो इथून सुरू होतो. साउथवेल आणि मॅकफी यांनी 1925मध्ये लिव्हरपूलच्या संग्रहावर लिहिले, तेव्हा आपल्याकडच्या पक्ष्यांचे कृमी विलायतेच्या कपाटांतून ओळखले जात होते. जी. डी. भालेराव यांनी ते काम इथे बसून केले. कोंबडीच्या आतड्यातला ‘गॅलिनारम’ त्यांनी 1937मध्ये वर्णिला. आज तो मेडिओऱ्हिंकस या प्रजातीत मोडतो आणि पुढे आग्नेय आशियातल्या कोंबड्यांतही सापडला. भारतीय पाळीव जनावरांच्या कृमींवरचे भालेरावांचे 1935चे पुस्तक आमच्या पिढीच्या टेबलावर कायम उघडे असे. मराठी माणसाने या शास्त्रात एवढे मूलभूत काम केले, हे प्राणिशास्त्राच्या पदवीधरांनाही आज सांगावे लागते.

मेडिओऱ्हिंकस आणि सेंट्रोऱ्हिंकस यांच्यातच शिकाऊ माणूस पहिल्यांदा अडकतो. दोघांच्याही शुंडेचे, म्हणजे डोक्यावरच्या काटेरी सोंडेचे, दोन भाग असतात, पुढे मुळे असलेले आकडे आणि मागे बारीक काटे. दोघांतही शुंडकोश, म्हणजे शुंडा आत ओढली जाते ती पिशवी, शुंडेच्या बुडाशी न जुळता मध्येच जुळतो. पण मेडिओऱ्हिंकसचा कोश एकपदरी असतो आणि नराच्या सिमेंट ग्रंथी आठ असतात. सेंट्रोऱ्हिंकसचा कोश दुपदरी असतो आणि ग्रंथी बहुधा चार. ही दोन लक्षणे नीट पाहिली की पक्षी कोणता होता हे विचारावेच लागत नाही.

सेंट्रोऱ्हिंकसवर माझा जीव आहे. घुबडे आणि शिकारी पक्ष्यांत लांबट शुंडेचे, तर कावळ्यासारख्या पक्ष्यांत गोलसर शुंडेचे कृमी आढळतात. गोलसर शुंडेच्यांना गोल्व्हाँ यांनी 1956मध्ये ‘स्फेरिरोस्ट्रिस’ असे वेगळे काढले. यांच्या अळ्या बेडूक, सरडे, साप यांच्या शरीरात पक्ष्याची वाट पाहत थांबतात. त्या थांबलेल्या अवस्थेतच शुंडेवरचे आकडे पुरते घडलेले असतात. पक्ष्यात गेल्यावर धड वाढते, आकडे जवळजवळ तसेच राहतात. म्हणून जात ठरवताना धडाच्या लांबीपेक्षा आकड्यांच्या रांगा, रांगेतली संख्या, पात्याची लांबी आणि मुळाचा आकार यांना मान द्यायचा. मूळ दिसते ते फक्त बाजूने पाहिलेल्या आकड्याचे. त्यासाठी कृमी स्लाइडवर फिरवत बसावे लागते.

इथे काही मंडळींशी माझा जुना वाद आहे. एका पक्ष्यातून एकच मादी मिळाली, शुंडा अर्धी आत, तरी नवी जात जाहीर, आणि कारण काय, तर पक्षी नवा! नवा पोषक म्हणजे नवी जात नव्हे. प्लेजिओऱ्हिंकस सिलिंड्रेशियस हा एकच कृमी मैना कुळातल्या स्टार्लिंगपासून रॉबिनपर्यंत कितीतरी पक्ष्यांत राहतो. याच कृमीने ग्रासलेले लाकूडकिडे आसरा सोडून उघड्यावर येतात आणि स्टार्लिंगच्या चोचीत सापडतात, हे जॅनिस मूर यांनी 1983मध्ये दाखवले. जीवनचक्राला महत्त्व आहेच. 1999मध्ये निकोल आणि सहकाऱ्यांनी प्रोफिलिकोलिस प्रजाती पुन्हा उभी केली, ती पॉलिमॉर्फसचे मधले पोषक ॲम्फिपॉड हे झिंग्यासारखे छोटे जीव आणि हिचे खेकड्यांच्या कुळातले, या आधारावर. पण तो निष्कर्ष कितीतरी जाती शेजारी ठेवून काढला होता. एका बाटलीतून असे निष्कर्ष निघत नाहीत.

डीएनएचा मी विरोधक नाही. हे कृमी रोटिफर या चिमुकल्या जलचरांचे आप्त आहेत हे डीएनएनेच पटवले, आणि सेंट्रोऱ्हिंकस-स्फेरिरोस्ट्रिसची सीमाही त्यानेच पुन्हा चर्चेला आणली. माझी तक्रार डीएनएसाठी अख्खा कृमी कुस्करून टाकण्याबद्दल आहे. शेपटाकडचा तुकडा पुरतो. शुंडा स्लाइडवर राहिली पाहिजे, नाहीतर तो डीएनए-क्रम कोणत्या कृमीचा हे उद्या कुणालाही तपासता येणार नाही.

आमच्या प्रयोगशाळेत कारमाइनचा रंग, लवंग तेल आणि कॅनडा बाल्समचा वास असे. कॅमेरा ल्युसिडावर काढलेले प्रत्येक आकड्याचे चित्र गुरुजी स्वतः मोजून बघत. आज कृमिशास्त्राची जागाच भरली जात नाही. मराठवाड्यात पट्टकृमींवर पुष्कळ काम झाले. काटेरी डोक्याच्या कृमींच्या वाट्याला त्याचा अंशही आला नाही. अभ्यासाला पक्षी मिळवण्याची वाटही बदलली. कावळा पूर्वी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या उपद्रवी यादीत होता, 2022च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. हे योग्यच झाले. अभ्यासासाठी पक्षी मारण्याचे दिवस संपले, ते परत येऊ नयेत.

मात्र मांज्याने, विजेच्या तारांनी, गाड्यांनी पक्षी रोज मरतात आणि त्यांच्याबरोबर हे कृमीही जमिनीत जातात. पक्षी-बचाव केंद्रांना आणि पशुवैद्यकांना माझी विनंती आहे. वनखात्याच्या रीतसर परवानगीने शवविच्छेदन कराल तेव्हा आतडे उघडून बघा. कृमी ओढून तोडू नका, आकडे रुतलेली शुंडा अलगद सोडवा. तो थेट फॉर्मलिनमध्ये टाकू नका. आधी थंड साध्या पाण्यात ठेवा, म्हणजे शुंडा पूर्ण बाहेर येईल. मग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये घाला. चिठ्ठीवर पक्षी, गाव आणि तारीख पेन्सिलीने लिहा. नर आणि मादी दोन्ही असलेली अशी एक बाटली दहा घाईच्या निबंधांपेक्षा मोलाची आहे.