जुनी युरोपीय गाडी घेताना काय पाहावे?

ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



या पानावर आम्ही एरवी बेणे, खोडवा, ठिबक आणि हुमणी यांविषयी लिहितो. यावेळी विषय जरा वेगळा आहे. अलीकडे गटाच्या सभा संपल्या की उसापेक्षा गाडीचेच प्रश्न जास्त निघतात. पोरं तालुक्याला कॉलेजात, म्हातारी माणसं दवाखान्यात न्यायची, लग्नकार्य आहेच. मोटारसायकलवर भागत नाही. नवी गाडी आवाक्याबाहेर, म्हणून जुन्या बाजारात फेरी होते. तिथे अडीच-तीन लाखांच्या आसपास फोक्सवॅगन, स्कोडा, फियाट, रेनॉल्ट अशी भारदस्त नावे उभी दिसतात आणि मन चळते. "साहेब, एवढी वजनदार गाडी एवढ्या स्वस्तात कशी काय?" हा प्रश्न रास्त आहे.

ती स्वस्त असते याची कारणे दोन. एक, दुरुस्ती महाग पडेल या धास्तीने गिऱ्हाईक कमी. दुसरे, यांतल्या बऱ्याच गाड्यांचे उत्पादन बंद झाले आहे. म्हणजे गाडी वाईटच असते असे नाही, पण निवड चुकली तर स्वस्ताई दोन-तीन बिलांतच फिटते.

युरोपीय म्हणजे बोटीतून उतरलेली असा मात्र समज नको. मुंबईची ती काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी मूळची इटलीची फियाट, तयार व्हायची कुर्ल्याला. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. पुढे स्कोडाचा कारखाना शेंद्र्याला झाला, फियाटचा रांजणगावला, फोक्सवॅगनचा २००९ साली चाकणला. महिंद्राची व्हेरिटो, जी आधी २००७ पासून लोगन नावाने विकली जाई, ती नाशिकची. तिचे मूळ रेनॉल्टचे, रोमानियातल्या डाचिया कारखान्याचे. ही वाहने आपल्याच राज्यात जन्मली, त्यामुळे सुटे भाग आणि ती खोललेले मिस्त्री आपल्याकडे अजून सापडतात.

जुनी गाडी म्हणजे खोडवा समजा. लागण दुसऱ्याने घेतली, खोडवा आपण घेणार. खोडव्याचा उतारा जसा आधीच्या माणसाने पाचट, खत, पाणी कसे सांभाळले त्यावर ठरतो, तसेच इथेही. मॉडेलचे नाव नंतर पाहावे, आधीचा मालक आणि त्याची सर्व्हिसची बिले आधी पाहावीत. बिले नाहीत म्हणाला तर चासी नंबरवरून कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपात नोंद निघते का ते विचारावे. मीटर मागे फिरवता येते. पण झिजलेले पेडलचे रबर आणि गुळगुळीत झालेले स्टिअरिंग खोटे बोलत नाही. चाळीस हजार किलोमीटर सांगतात आणि क्लच पेडल कडेला झिजून चकाकते, तर गाडी तिथेच सोडून चहा प्यावा आणि घरी यावे.

आता नावानिशी सांगतो. ही माझी मते आहेत, कंपन्यांची नव्हेत.

फियाटच्या पुंटो आणि लिनिया या गाड्या २००९ साली आल्या. त्यांतले १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन म्हणजे आपल्या ओळखीचाच माणूस. मारुतीने स्विफ्ट आणि डिझायरला, टाटांनी इंडिका व्हिस्टाला हेच इंजिन वापरले. टायमिंगला बेल्ट नाही, साखळी आहे. इंजिनाचे बरेच भाग कुठल्याही चांगल्या दुकानात मिळतात आणि ते खोलणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी असतोच. अडचण इंजिनाची नाही, अंगाची आहे. २०२० साली बीएस-६ नियम लागू झाले, त्याआधीच फियाटने आपल्या नावाच्या गाड्या विकणे थांबवले. त्यामुळे हेडलाइट, बंपर, दरवाजाचे पॅनेल शोधायला पुणे-मुंबई गाठावी लागते. अपघात न झालेली, काचा-दिवे शाबूत असलेली मिळाली तरच घ्यावी.

व्हेरिटो दिसायला डबा. कोणी वळून पाहणार नाही. पण मागच्या सीटवर तीन माणसे ऐसपैस बसतात, डिकी ५१० लिटरची आहे, आणि तिचे १.५ लिटरचे डिझेल इंजिन हे रेनॉल्टचे सर्वांत चाललेल्या इंजिनांपैकी एक. तेच पुढे डस्टरमध्ये आले. साध्या कुटुंबाला, कमी पैशात, दिखावा नको असेल तर माझे मत व्हेरिटोच्या बाजूने आहे. फक्त टॅक्सी म्हणून फिरलेली टाळावी. पांढरी नंबरप्लेट आता असली तरी आधीची नोंद आरटीओच्या कागदात दिसते.

डस्टर २०१२ साली आली, २०२२ च्या सुमारास ती पिढी बंद झाली. तिची जमिनीपासूनची उंची २०५ मिलिमीटर. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पाडलेले शिवाररस्ते ज्यांच्या रोजच्या वाटेत आहेत त्यांना हिचा उपयोग कळेल. किंमत मात्र थोडी चढी असते.

पोलो, व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड ही एकाच घरची भावंडे. यांत नेमके कोणते इंजिन आणि कोणता गिअर, यावर सगळे आहे. रॅपिड आणि व्हेंटोमधले १.६ लिटरचे पेट्रोल इंजिन साधे, टर्बो नसलेले. हातगिअरचे असेल तर बिनधास्त पाहावे. पोलोचे तीन सिलिंडरचे १.२ पेट्रोल चढाला दमते, पण दगा सहसा देत नाही. सात गिअरची डीएसजी पेटी मात्र आपल्या बजेटात बसत नाही. ती चालते तेव्हा लोण्यासारखी चालते. तिचे मेकॅट्रॉनिक युनिट किंवा जोड-क्लच गेला की बिल ऐकून गाडी विकाविशी वाटते. पोलोच्या बाबतीत आणखी एक. २०१४ साली ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅगवालीला चार. त्यानंतर कंपनीने सगळ्याच पोलोंना एअरबॅग दिल्या. म्हणून जुनी घेताना एअरबॅग आहेत का हे विचारूनच घ्यावे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, तर बल्ब काढून दोष लपवलेला असण्याची शक्यता धरावी.

टायमिंग बेल्टविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे माणूस फसतो. फोक्सवॅगनची डिझेल इंजिने आणि रेनॉल्टचे १.५ डिझेल, दोन्हींना रबरी बेल्ट असतो. तो बाहेरून दिसत नाही, आवाज करत नाही, आणि तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून इंजिनाचे वरचे डोके उघडावे लागते. बेल्ट बदलल्याचे बिल हातात असेल तरच बदलला असे मानावे. "साहेब, गेल्या वर्षीच टाकलाय" हे बिल नव्हे. बिल नसेल तर गाडी ताब्यात आल्याबरोबर बेल्ट, त्याचे रोलर आणि पाण्याचा पंप एकदमच बदलावा, आणि तो खर्च सौद्याच्या वेळीच किमतीतून वजा करून मागावा.

डिझेल गाडी घेणाऱ्यांसाठी कळकळीची सूचना. ट्रॅक्टरसाठी आणून ठेवलेल्या बॅरलमधले डिझेल या गाड्यांत घालू नये. जुना ट्रॅक्टर थोडे पाणी, थोडा गाळ पचवतो. कॉमन-रेल इंजिनाचे इंजेक्टर फार बारीक कामाचे. त्यांना तेवढ्याने धक्का पोचतो.

पेट्रोल गाडीचा प्रश्न आपल्या धंद्याशी थेट जोडलेला आहे. पेट्रोलमधले इथेनॉल २०२२ च्या जूनमध्ये दहा टक्क्यांवर पोचले आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. त्यात आपल्या उसाचा वाटा आहे, आणि उसाचे पैसे वेळेवर मिळण्यास त्याचा हातभार लागतो, हे सभासदांना सांगायला नको. पण म्हणून दुसरी बाजू झाकायची नाही. इथेनॉलमध्ये उष्मांक पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश. तेव्हा ॲव्हरेज थोडे कमी येणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि दहा टक्क्यांवर जुळवलेल्या चारचाकींना सहा-सात टक्के घट धरली आहे. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांत रबरी नळ्या आणि वॉशर या मिश्रणासाठी खास बनलेले असतीलच असे नाही. घेताना पेट्रोलच्या नळ्या वाकवून पाहाव्यात. चिरा किंवा ओल दिसली तर नव्या टाकाव्यात, त्याला फार पैसे लागत नाहीत. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, तेव्हा गाडी महिनाभर अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये.

पुराचा विषय आपल्या पट्ट्यात टाळून चालणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत कोल्हापूर-सांगलीकडे किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण पाहिले. त्यांतल्या कित्येक धुऊनपुसून बाजारात आल्या असणार. युरोपीय गाडीत वायरिंग आणि कंट्रोल युनिटे जास्त, त्यामुळे बुडालेली गाडी वर्ष-दोन वर्षांनी खोड काढते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. स्टेपनीच्या खड्ड्यात, फ्यूजपेटीत, सीटच्या पट्ट्यांवर गंज शोधावा. नवा कोरा गालिचा आणि उदबत्तीचा भपकारा दिसला तर जास्तच शोधावा.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि आधी फोन करून, इंजिन चालू करू नका, असे सांगावे. गेल्यावर बॉनेटला हात लावावा; गरम असेल तर थंडीतला त्रास लपवला आहे असे समजावे. ऑइलचे झाकण उघडून खाली दह्यासारखी साय दिसते का पाहावे. कूलंटच्या डब्यात नुसते गढूळ पाणी असेल तर मालकाची काटकसर कळली. टायरवरचे चार आकडे वाचावेत : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

कागदपत्रे सात-बारा पाहतो त्याच नजरेने पाहावीत. कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. थकलेली ई-चलने गाडीच्या नंबरावर निघतात, ती आधी भरून घ्यावीत. २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशानंतर दिल्लीकडच्या दहा वर्षांच्या डिझेल गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. अशी गाडी परराज्याची असेल तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरून हिशेब करावा. बऱ्याचदा स्वस्ताई तिथेच संपते. नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. बारा-तेरा वर्षांची गाडी घेणाऱ्याने हे विसरू नये.

नाव बदलण्याबाबत आपल्याकडे फार ढिलाई आहे, आणि त्यात नुकसान विकणाऱ्याचे आहे. स्टँपपेपरवर सही करून, चावी देऊन सुटलो असे तो समजतो. फॉर्म २९ आणि ३० आरटीओत जाऊन नोंद होईपर्यंत कायद्याने मालक तोच. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात हेच ठरवले : गाडी तीन-चार हातांत फिरली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर. अशा निकालाची रक्कम भरायला जमीन विकायची वेळ येऊ शकते. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत कळवायचे असते, घेणाऱ्याने तीस दिवसांत. उसाच्या बिलाचे चौदा दिवस सभासदांना पाठ आहेत, हेही चौदा पाठ करावेत. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, त्यामुळे हप्ता थोडा वाढेल.

तीन लाख हाताशी असतील तर गाडी अडीचचीच पाहावी. उरलेल्या पन्नासांतून पहिल्या आठवड्यात ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेकचे तेल आणि बेल्टचे काम करून घ्यावे. हे काम ज्याच्याकडून करायचे तो मिस्त्री मात्र गाडी घेण्याआधी ठरवावा. "ही गाडी तू खोलतोस का आणि तुझ्याकडे तिचा स्कॅनर आहे का," असे त्याला स्पष्ट विचारावे. तो नाही म्हणाला, तर दुसरे मॉडेल पाहावे.