प्रवाळाच्या टाकीला यूव्हीचा दिवा हवाच का?

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुर्ल्याला मत्स्यटाकीच्या दुकानात जा. खाऱ्या पाण्याच्या टाकीचा सौदा पक्का होत आला की दुकानदार शेवटी एक वस्तू पुढे सरकवतो. काळ्या नळकांड्यात बसवलेली ट्यूब, दोन टोकांना पाण्याच्या नळ्या आणि तोंडी हमी की हा दिवा लावा, रोगराईची चिंता मिटली. अतिनील किरणांचा, म्हणजे बाजारभाषेत यूव्हीचा, हा दिवा स्वस्त नसतो. पण समुद्री मासे महाग असतात, ग्राहक आधीच घाबरलेला असतो आणि तो पैसे मोजतो. आमच्या कापडाच्या धंद्यात 'पक्का रंग' हे शब्द जितके सहज बोलले जातात, तितक्याच सहज तिथे 'जंतुमुक्त पाणी' म्हटले जाते. म्हणून हा दिवा काय करतो आणि काय करत नाही, हे घेणाऱ्याने आणि विकणाऱ्यानेही समजून घ्यावे.

सूर्यप्रकाशाने जंतू मरतात हे डाउन्स आणि ब्लंट या दोन इंग्रज संशोधकांनी 1877 साली दाखवले. 1910 साली फ्रान्सच्या मार्सेय शहरात पिण्याच्या पाण्यावर या किरणांचा प्रयोग झाला. आज घरोघरी भिंतीवर पाणी शुद्ध करण्याची जी यंत्रे दिसतात, त्यांतल्या पुष्कळांत हीच ट्यूब असते. तिच्यात पाऱ्याची वाफ असते आणि तिच्यातून 254 नॅनोमीटर लांबीच्या लहरी निघतात. या लहरी जंतूच्या पेशीतील डीएनएची वीण बिघडवतात आणि त्याची पैदास थांबते. साधी काच हे किरण अडवते, म्हणून ट्यूबवर क्वार्ट्झची नळी चढवलेली असते.

आता मुद्द्याची गोष्ट. हा दिवा फक्त त्याच्या समोरून वाहणाऱ्या पाण्यावर काम करतो. वाळूत, खडकावर किंवा माशाच्या अंगावर जे चिकटले आहे, त्याला तो हात लावू शकत नाही. एका दृष्टीने हे बरेच आहे. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवणारे उपयुक्त जिवाणू खडकाला आणि वाळूलाच चिकटून राहतात. दिव्याने चांगले जिवाणू मरतात ही ओरड त्यामुळे बहुतांशी फोल आहे. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, जे प्रवाळांचे खाद्य असते, ते मात्र काही प्रमाणात मरतात.

पण याच कारणाने पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर त्याचा भरवसा धरता येत नाही, आणि दिवा विकला जातो तो मुख्यतः याच रोगाच्या नावाने. क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत तीन ते सात दिवस राहतो. मग तो गळून वाळूवर किंवा खडकावर कवच बांधून बसतो. त्या कवचातून काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, शेकडो पिल्ले सुटतात आणि एक-दोन दिवसांत त्यांना मासा गाठावा लागतो. एवढ्याच अवधीत ती पाण्यात मोकळी असतात. ती सुटतात बहुधा अंधारात, पहाटेच्या सुमारास, जेव्हा मासा त्याच खडकाच्या कपारीत झोपलेला असतो. दिव्यापर्यंत जाण्याआधीच त्यांना सावज मिळते.

शिवाय हिशेबही पाहा. पंपातून दर तासाला टाकीभर पाणी दिव्यापुढून जाते म्हणजे तासाभरात सगळे पाणी धुऊन निघाले, असे होत नाही. दिव्यातून आलेले पाणी पुन्हा त्याच टाकीत मिसळते. एकाच टबात नळ चालू ठेवून कापड खंगाळले तर मळके आणि स्वच्छ पाणी एकत्र होते, तसेच हे आहे. टाकीभर पाणी फिरून झाले तरी शंभरातले सुमारे 37 थेंब दिव्यापुढून एकदाही गेलेले नसतात. परजीवींची गर्दी दिव्याने कमी होऊ शकते, पण त्यांचा नायनाट होत नाही.

गोड्या पाण्याच्या टाकीत अशा वेळी औषध घालून मोकळे होता येते. प्रवाळाच्या टाकीत ती सोय नाही. या रोगावर चालणारे तांब्याचे औषध प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय यांना मारून टाकते. ग्राहक दिव्याकडे वळतो तो या अडचणीमुळे. खरा इलाज साधा आणि कंटाळवाणा आहे. नवा मासा आधी वेगळ्या लहान टाकीत चार ते सहा आठवडे ठेवून पाहावा आणि रोग दिसला तर औषध तिथेच द्यावे. रोग मोठ्या टाकीत शिरलाच, तर सगळे मासे बाहेर काढून ती टाकी सहा आठवड्यांहून अधिक, सावधपणा म्हणून अडीच महिने, माशांविना ठेवावी. काच, एक हीटर, एक पंप आणि प्लास्टिकच्या नळीचे दोन तुकडे एवढ्यात वेगळी टाकी उभी राहते. माझे मत स्पष्ट आहे. पैसा एकाच वस्तूपुरता असेल तर ही टाकी घ्यावी, दिवा नव्हे.

टाकी बांधणाऱ्या आणि मांडणाऱ्या कारागिरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतातील कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षणाखाली आहेत. आपल्या समुद्रातून काढलेले प्रवाळ किंवा प्रवाळाचे खडक विकणे गुन्हा आहे. 'सगळे असेच करतात' हे उत्तर वन विभागापुढे चालत नाही. सिरॅमिकचे खडक वापरावे.

मग दिवा निरुपयोगी आहे का? नाही. पाणी हिरवे किंवा दुधाळ होत असेल तर तो उत्तम काम करतो, काही दिवसांत टाकी काचेसारखी दिसते. खडकांवर तपकिरी, चिकट थर धरणाऱ्या डायनोफ्लॅजेलेट शेवाळाच्या ज्या जाती रात्री पाण्यात सुटतात, त्यांवरही तो चालतो. वाळूतच बसून राहणाऱ्या जातींवर मात्र नाही. ज्याच्या टाकीत मासे पुष्कळ आहेत आणि जो वेगळी टाकी आधीच पाळतो, त्याच्यासाठी हा दुसरा पहारेकरी आहे.

घ्यायचाच तर वॅट पाहून फसू नये. पाणी दिव्यापुढून जितके सावकाश जाईल तितका किरणांचा मारा जास्त बसतो. वेग निम्मा केला की मारा दुप्पट. शेवाळाला थोडा मारा पुरतो, परजीवीला कितीतरी पट लागतो. म्हणून लहान दिवा मोठ्या पंपाला जोडून परजीवी मरत नाहीत. ट्यूब साधारण वर्षभरात, म्हणजे आठ-नऊ हजार तासांत, बदलावी लागते. ती निळी उजळलेली दिसते म्हणून किरण निघतच आहेत असे समजू नये. दिसतो तो निळा उजेड, काम करणारे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. क्वार्ट्झच्या नळीवर खाऱ्या पाण्याचा चुना साचतो, तो व्हिनेगरने पुसावा. 25 वॅटचा दिवा रात्रंदिवस चालला तर महिन्याला 18 युनिट होतात. वीज ही मोठी बाब नाही, दरवर्षीची ट्यूब आहे.

उष्णतेचाही विचार व्हावा. बहुतेक प्रवाळांना 25 ते 27 अंश मानवतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पाणी आपोआप तिशीपर्यंत जाते आणि दिवा त्यात थोडी भरच घालतो. चिलरशिवाय दिवा घेणे म्हणजे उलटा कारभार. वीज वारंवार जात असेल तर इन्व्हर्टरवर आधी पंप घ्यावा. पंप बंद आणि दिवा चालू अशी जोडणी कधीही करू नये, नळकांड्यातले पाणी तापते.

काही जण घरातील पाणी शुद्ध करण्याचे जुने यंत्र टाकीला जोडून पाहतात. त्यातली पोलादी नळी खाऱ्या पाण्यात गंजते, तेव्हा हा प्रयोग टाळावा. उघडी ट्यूब पेटवून तिच्याकडे पाहूही नये, डोळ्यांना इजा होते. दिवा गाळणीच्या पुढे, स्वच्छ पाणी येईल तिथे बसवावा. टाकीत बाटलीतले जिवाणू किंवा प्रवाळांसाठी जिवंत प्लवक घालाल तेव्हा एक-दोन दिवस तो बंद ठेवावा.