साखळीबाहेरचा जमाखर्च

मेहकरच्या बाजार समितीच्या आवारात सोयाबीनच्या हंगामात ज्याने एखादी सकाळ घालविली असेल, त्याला आडत्याकडील खात्याची रीत समजावून सांगण्याचे कारण नाही: पेरणीच्या वेळची उचल, मधल्या किरकोळ रकमा आणि मालाची पट्टी यांची नोंद वहीत होत राहते, आणि रोकड मात्र अखेरीस, रुजवात झाल्यावरच, चुकती होते. बिटकॉइनचा वापर वाढविण्यासाठी योजिलेल्या युक्तीचे मर्म याहून फारसे निराळे नाही.

बिटकॉइनची सार्वजनिक नोंदवही, म्हणजे ब्लॉकचेन, सरासरी 10 मिनिटांनी एक नवे पान जोडते आणि सेकंदाला जेमतेम 7 व्यवहार सामावून घेते; प्रत्येक नोंद जगभरचे संगणक तपासत असल्यामुळे कोणा एका मुनिमावर भिस्त ठेवावी लागत नाही हे खरे, परंतु चहाचे पैसे देण्यासाठी एवढा खटाटोप परवडणारा नव्हे. म्हणून जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी 2015 साली ‘लाइटनिंग नेटवर्क’ची योजना मांडली. तीत दोन पक्ष आपली रक्कम उभयतांच्या सहीवाचून न हलणाऱ्या खात्यात अडकवितात, देवघेवीगणिक शिल्लकेचा नवा दस्त आपसांत करतात, आणि साखळीवर केवळ पहिली व अखेरची नोंद चढते. आडत्याची वही आडत्यापाशीच असते. येथे सहीची प्रत दोघांजवळ राहते. एका पक्षाने रद्द झालेला, स्वतःच्या फायद्याचा जुना दस्त पुढे केला आणि दुसऱ्याने ठराविक मुदतीत ती लबाडी पकडली, तर त्या खात्यातील सगळी रक्कम दुसऱ्याची होते. कायदा मोठा कडक; पण मुदत टळली की हक्क बुडाला. वीज गेली, रेंज गेली आणि यंत्र चार दिवस बंद राहिले, तर पहारा कोणी करावा? त्यासाठी ‘वॉचटॉवर’ नामक पहारेकरी निघाले आहेत. ते पैसे चोरू शकत नाहीत, झोपू मात्र शकतात.

पुष्कळ लोक एवढीही दगदग न करता रक्कम थेट कंपनीच्या स्वाधीन करतात, आणि मग कंपनीच्या वहीतील आकडा हीच काय ती त्यांची मालमत्ता उरते. मुंबईत उभ्या राहिलेल्या वझीरएक्स या क्रिप्टो-चलनांच्या बाजारपेठेच्या तिजोरीतून 18 जुलै 2024 रोजी 23 कोटी डॉलरांच्या घरातील ऐवज गेला. ती तिजोरी एका सहीने उघडणारी नव्हती: कंपनीच्याच निवेदनानुसार तिच्या तीन अधिकाऱ्यांची आणि बाहेरच्या एका रखवालदार संस्थेची मंजुरी लागत असे, तरीही पडद्यावर दिसला एक मजकूर आणि सह्या झाल्या दुसऱ्याच मजकुरावर. ग्राहकांचे पैसे काढणे बंद झाले आणि प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेले. त्याआधी मार्च 2022 मध्ये ‘रोनिन’ या, मुख्य साखळीला जोडून चालणाऱ्या, जोडसाखळीच्या सहीसाठी लागणाऱ्या 9 गुप्त चाव्यांपैकी 5 चोरांच्या हाती लागल्या, तेव्हा 60 कोटी डॉलरांहून अधिक रक्कम गेली होती.

माझ्या मते किरकोळ देण्याघेण्याला साखळीबाहेरचे खाते पुरेसे आहे, परंतु मोठी पुंजी तेथे ठेवणे हा अविचार होय. अ‍ॅपमध्ये रक्कम भरण्यापूर्वी तिची चावी आपल्या हाती राहणार की कंपनीच्या, एवढे वाचकांनी अवश्य विचारून घ्यावे.